पगार विचारण्याआधी दर विचारा

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण काय काय शिकतो! थर्मोडायनॅमिक्सचे नियम पाठ करतो, रात्रभर जागून जर्नल पूर्ण करतो, मेसच्या आमटीत डाळ शोधायलाही शिकतो. पण मुलाखतीच्या शेवटी समोरचे साहेब खुर्चीत मागे रेलून विचारतात, "मग, तुमची अपेक्षा किती?" तेव्हा काय बोलायचे, हा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नाही. त्यामुळे त्यात के.टी. लागली तरी कळत नाही. मला लागली होती. ती कशी लागली आणि कशी सुटली, ते सांगण्यासाठी हा लेख.

दहा हजारांची के.टी.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. लोअर परळला एक लहानसे डिझाइन ऑफिस होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ. कधीकाळी जिथे गिरणीचा भोंगा वाजायचा तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या सहाव्या मजल्यावर आमचे एसी ऑफिस.

मुलाखत चांगली झाली. शेवटी साहेबांनी विचारले, "स्टायपेंडचे काय?" मी अगदी संस्कारी आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही द्याल ते."

त्यांनी दिले. महिना १०,००० रुपये. मी खूश! घरी पेढे आणले.

तिसऱ्या आठवड्यात खाली टपरीवर चहा पिताना शेजारच्या टेबलवरच्या मुलाशी बोलणे निघाले. दुसऱ्या कॉलेजचा, पण माझ्याच वर्षाचा. ड्रॉइंग्ज तीच, सॉफ्टवेअर तेच, येण्याची वेळही तीच. त्याला मिळत होते १६,०००. मी विचारले, "कसे काय रे?" तो सहज म्हणाला, "आमच्या सीनियरला विचारलं होतं. तो म्हणाला पंधरा-सोळा देतात. मी अठरा मागितले."

दोन महिन्यांचे १२,००० रुपये गेले. म्हणजे माझ्या मेसचे चार महिन्यांचे बिल! त्यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. मुलगी म्हणून मला कमी दिले, असेही मी म्हणू शकत नव्हते, कारण मी काही मागितलेच नव्हते. (एकाच कामासाठी स्त्री-पुरुषांना वेगळा मोबदला देता येत नाही, हा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे. पण शेजारच्याला किती मिळतात हेच माहीत नसेल तर कायदा बिचारा काय करणार?)

पॅसेजमधली शाळा

आमची चाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. एका मजल्यावर २०, एका इमारतीत ८०. अशा १२१ इमारती एकट्या वरळीत होत्या. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या धरून एकूण २०७. इथे कोणाच्या घरात काय शिजते ते वासावरून कळते आणि कोणाचे काय बिनसले ते चेहऱ्यावरून. त्यामुळे माझी गोष्ट समोरच्या खोलीतल्या नानांपर्यंत पोहोचायला अर्धा तासही लागला नाही.

नाना गिरणीत साचेखात्यात होते. १९६५ च्या सुमारास बदली म्हणून लागले ते १९८२ च्या संपापर्यंत. वय आता ऐंशीच्या घरात, पण कान तिखट. मला हाक मारून म्हणाले, "अगं पोरी, तुझी आई वरळी नाक्यावर पापलेट घ्यायला जाते तेव्हा पहिल्याच कोळणीला 'तुम्ही सांगाल ते' म्हणते का गं?"

"नाही नाना, चार टोपल्या फिरते."

"दोनशे रुपयांच्या माशाला चार टोपल्या, आणि दोन महिन्यांच्या मेहनतीला एकही नाही?"

मी गप्प. आई मात्र आतून हसली.

मग नानांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. म्हणाले, "पगाराच्या दिवशी आम्ही या पॅसेजमध्ये बसायचो. चार गिरण्यांची माणसं. कोणाला किती पडले, किती कापले, कोणत्या साच्यावर किती कापड निघाले, सगळे मोकळेपणाने बोलायचो. लाज कसली? आपला दर एकट्याला कधीच कळत नाही. तो चौघांत बसून कळतो."

गिरणीचा दर

नानांच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे, हे मला नंतर लायब्ररीत बसल्यावर कळले.

आमच्या चाळी बांधल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत. नेमक्या त्याच काळात, १९२१ मध्ये, मुंबई सरकारने एक कामगार कार्यालय सुरू केले. 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक काढले, त्यात महागाईचा निर्देशांक छापायला सुरुवात केली. १९२३ मध्ये गिरण्यांतल्या मजुरीची आणि कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी प्रसिद्ध झाली. म्हणजे कामगाराला मिळते किती आणि त्याला लागते किती, हे पहिल्यांदाच पद्धतशीर कागदावर आले.

त्याची गरज होती. तोवर प्रत्येक गिरणीचा दर वेगळा होता. त्याच नंबरच्या सुताला, त्याच जातीच्या कापडाला एका गिरणीत एक भाव तर शेजारच्या गिरणीत दुसरा. विणकर उक्त्यावर काम करायचा, त्यामुळे दरातल्या पै-पैशाचा फरक महिनाअखेर मोठा व्हायचा. त्यात नोकरी जॉबरच्या हातात, त्याला दस्तुरी द्यायची. कापड बिघडले तर तेच कापड कामगाराच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापायची.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप झाला. एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये थांबला. संयुक्त संप समितीने १७ मागण्या ठेवल्या. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे हे त्यातले प्रमुख. मालकांनी सगळ्या गिरण्यांसाठी दरांची एकच प्रमाणित यादी पुढे केली. ती योग्य की अयोग्य, हे ठरवायला फॉसेट समिती बसली. मला यातली एक गोष्ट फार आवडली. कामगारांचे पुढारी तिथे फक्त घोषणा देत बसले नाहीत. कोणत्या खात्यात कोणत्या कामाला काय पडते, याची यादी घेऊन ते एकेका कलमावर बोलले. आजच्या भाषेत, डेटा घेऊन आले!

पुढे १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार २६ दिवसांच्या कामाला ३० रुपये ठरवला. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता. बाजारात भाव चढले की भत्ता चढे. नानांकडे अजून एक जुनी पगारपावती आहे. तिच्यात मूळ पगाराच्या रकान्यापेक्षा महागाई भत्त्याचा आकडा कितीतरी मोठा आहे. तेव्हा कळले की या पॅसेजमधले अडाणी समजले जाणारे लोक निर्देशांक म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगले ओळखत होते.

पण दर माहीत झाला म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. इतिहासाने याचे दोन धडे दिले आहेत.

पहिला. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळाची भीती! १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. म्हणजे चांगला दर ठाऊक असणे वेगळे आणि त्या दराच्या कामापर्यंत पोहोचू दिले जाणे वेगळे. आपणही हा प्रश्न विचारावा. जास्त दराच्या कामापासून आपल्याला काय अडवते आहे? एखादे सॉफ्टवेअर? इंग्रजीची भीती? की कोणाचा तरी पूर्वग्रह? पहिल्या दोघांवर इलाज आपल्या हातात आहे.

दुसरा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या कामगारांना सामंतांनी भरघोस वाढ मिळवून दिली होती. मग आम्हाला का नाही, हा प्रश्न गैर नव्हता. पण गिरण्यांच्या गोदामांत माल पडून होता, आणि कापड तर यंत्रमागांवरही निघत होते. मालकांना घाई नव्हती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो घरे उद्ध्वस्त झाली. त्यात नानांचेही एक. ते एवढेच म्हणतात, "आमची मागणी खरी होती. पण समोरच्याला आमची गरज किती उरली आहे, ते आम्ही मोजले नाही."

आपला दर काढायचा कसा?

आता आपल्याकडे येऊ. मी सातव्या सेमिस्टरला ज्या क्रमाने काम केले तोच क्रम देते.

१. आधी काम नक्की करा. 'मेकॅनिकल इंजिनिअर' असा काही दर नसतो. डिझाइन, प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स यांचे दर वेगळे. मुंबई-ठाण्याचा वेगळा, चाकणचा वेगळा, नाशिकचा वेगळा. कंपनी लहान की मोठी, यानेही फरक पडतो. साचेखाते आणि इतर खात्यांचा दर एक नव्हता, तसेच हे.

२. निदान सात-आठ माणसांना विचारा. गेल्या दोन वर्षांत पास झालेले सीनियर सर्वांत उत्तम. पण "तुला किती मिळतात?" असे थेट विचारले तर लोक अवघडतात. त्याऐवजी असे विचारा : "या कामाला फ्रेशरला साधारण कितीपासून कितीपर्यंत मिळतात?" माणूस लगेच मोकळा होतो.

३. नेटवरचे आकडे पाहा, पण तारीख बघून. ग्लासडोअर, अॅम्बिशनबॉक्स अशा ठिकाणी लोकांनी स्वतः भरलेले पगार असतात. तिथे अनुभव, शहर आणि वर्ष जुळवून घ्या. पाच वर्षांचा अनुभव असलेल्याचा आकडा आपल्याला लावला तर फजिती ठरलेली.

४. सरासरीला भुलू नका, मधला आकडा बघा. समजा दहा जणांना नोकरी लागली. नऊ जणांना ३ लाख ६० हजार आणि एकाला १८ लाख. सरासरी येते ५ लाख ४ हजार! बॅनरवर हीच झळकते. पण दहातल्या नऊ जणांना तेवढे मिळालेलेच नाहीत. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर येतो ३ लाख ६० हजार. एन.आय.आर.एफ. क्रमवारीसाठी कॉलेजे जी माहिती भरतात तिच्यात हाच मधला पगार द्यावा लागतो, आणि ती माहिती सर्वांना पाहता येते. आपल्या आणि शेजारच्या कॉलेजचा जरूर बघा.

५. सरकारी आकडा पट्टी म्हणून वापरा. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या कनिष्ठ अभियंत्याचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ३५,४०० होते. खाजगी कंपनी तेवढे देईलच असे नाही, पण आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो.

६. महागाई विसरू नका. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचे साधे फ्रेशर पॅकेज २०१२ च्या सुमारास तीन-सव्वातीन लाख होते. नंतरची कितीतरी वर्षे ते साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिले. उलट २०१२ ला १०० धरून काढलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे आकडा थोडा वाढला, पण त्यात येणारा भाजीपाला जवळपास निम्म्यावर आला. नानांच्या पावतीत महागाई भत्त्याचा रकाना होता. आपल्या ऑफर लेटरमध्ये तो नाही. त्यामुळे ही जाणीव आपली आपण ठेवायची.

३० हजारांचे साडेबावीस कसे होतात?

आपण सगळे एक चूक हमखास करतो. पॅकेजला बाराने भागतो आणि बाइकचा हप्ता ठरवतो! समजा सी.टी.सी. ३,६०,००० आहे. बाराने भागले तर महिना ३०,०००. आता एक नेहमीची फोड पाहू.

मूळ वेतन निम्मे, म्हणजे वर्षाला १,८०,०००. कंपनीने भरायचा पी.एफ. त्याच्या १२ टक्के, २१,६००. तो आपल्या नावावर जातो, पण हातात येत नाही. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, सुमारे ८,६५०. ती नोकरी सोडताना, तीही अटी पूर्ण झाल्या तरच. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग १० टक्के, ३६,०००. तो वर्षअखेरीस, आणि पूर्ण मिळेल याची खात्री नाही. उरले घरभाडे व इतर भत्ते, सुमारे १,१३,७५०.

दरमहा मिळण्यासारखे म्हणजे १,८०,००० अधिक १,१३,७५०. एकूण २,९३,७५०. महिन्याला साधारण २४,४८०. त्यातून आपला स्वतःचा पी.एफ. १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. (महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तेवढाच फायदा!) हातात आले साडेबावीस हजारांच्या आसपास.

म्हणून दोन ऑफर्सची तुलना करताना सी.टी.सी. बाजूला ठेवा आणि हातात येणाऱ्या रकमेची करा. शिवाय चार गोष्टी लेखी विचारा : बदलता भाग किती, बॉन्ड आहे का आणि मोडला तर किती भरायचे, कामाचे ठिकाण कोणते, आणि पगाराचा आढावा कधी. बॉन्डची रक्कम वाचताना मला ते बिघडलेले कापड गळ्यात मारणे हमखास आठवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तेव्हा मूळ वेतन अगदीच लहान दाखवलेले दिसले तर कारण विचारायला संकोच करू नका.

पुन्हा तीच खुर्ची

कॅम्पसला आलेल्या मोठ्या कंपन्यांचे पॅकेज बहुधा ठरलेले असते. तिथे घासाघीस चालत नाही, हे मान्य. पण लहान कंपन्यांत आणि कॅम्पसबाहेरच्या मुलाखतींत जागा असते. सातव्या सेमिस्टरला मी ठाण्याच्या एका लहान कंपनीत मुलाखतीला गेले. खिशात चिठ्ठी होती. तिच्यावर तीन आकडे : मागायचा ४ लाख २० हजार, बाजारातला मधला ३ लाख ९० हजार, आणि ज्याच्या खाली 'नाही' म्हणायचे तो ३ लाख ६० हजार. हा तिसरा आकडा घरी आईबरोबर बसून ठरवला. लोकलचा पास, जेवण आणि घरी द्यायचे पैसे धरून.

साहेब म्हणाले, "फ्रेशरला आम्ही ३ लाखच देतो."

पोटात गोळा आला. बाबांचे आजारपण, शैक्षणिक कर्ज, सगळे ओठांवर आले होते. पण नानांनी बजावले होते, "गरज सांगू नकोस, दर सांग. गरज प्रत्येकालाच असते, तिचा भाव होत नाही." मी म्हणाले, "सर, याच कामासाठी मुंबई-ठाण्यात फ्रेशर्सना मिळालेले सात आकडे मी गोळा केले आहेत. त्यातला मधला ३ लाख ९० हजार आहे. तुमचे सॉफ्टवेअर मी इंटर्नशिपमध्ये दोन महिने वापरले आहे, त्यामुळे शिकवण्यात तुमचा वेळ जाणार नाही. मी ४ लाख २० हजारांच्या अपेक्षेने आले आहे."

आणि गप्प बसले. ही गप्प बसण्याची दहा सेकंदे व्हायव्हापेक्षा लांब होती, खरेच सांगते!

दोन दिवसांनी फोन आला. ३ लाख ७५ हजार, बॉन्ड नाही, सहा महिन्यांनी आढावा. मी म्हणाले, "हे लेखी मिळेल का?" मिळाले. मधल्या आकड्यापेक्षा १५ हजार कमी, पण त्यांच्या पहिल्या आकड्यापेक्षा ७५ हजार जास्त. नानांना सांगितले तर म्हणाले, "ठीक. पास क्लास."

जाता जाता

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमच्या इमारतीचा नंबर अजून यायचा आहे. घर मोठे होणार याचा आनंद आहेच. पण नाना मधूनच विचारतात, "दार लावून घेतल्यावर पोरं दर विचारणार कुठे?"

मला वाटते, आपल्या हॉस्टेलवर तरी याचे उत्तर सोपे आहे. पॅसेज आपल्याकडेही आहे. माझी एक सूचना आहे, आणि टी.पी.ओ. सर व रेक्टर मॅडम यांनीही तिचा विचार करावा ही विनंती. रीडिंग रूममध्ये एक 'दराची वही' ठेवू या. पास होऊन जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात नाव न लिहिता एवढेच लिहायचे : काम कोणते, शहर कोणते, वर्ष कोणते, सी.टी.सी. किती, हातात किती, बॉन्ड आहे की नाही. एका ओळीला दोन मिनिटे लागतील. त्या ओळीमुळे पुढच्या बॅचची एखादी मुलगी "सर, तुम्ही द्याल ते" म्हणायची थांबेल.

पहिल्या दोन ओळी मी लिहून ठेवल्या आहेत. वर १०,००० ची, खाली ३ लाख ७५ हजारांची. तिसरी ओळ तुमची.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी